समिधाच्या अकरा वह्या

गुरुवारी दुपारी तीन वाजता जोडमैदानचा अहवाल आला, तेव्हा तोफखाना तालमीच्या वरच्या मजल्यावर दोघंच होती: प्रशिक्षक ऋत्विक सासने आणि विश्लेषक समिधा इंगवले. त्याच मिनिटाला तोच अहवाल दीड किलोमीटरवरच्या हौदगल्ली तालमीतही पोचला होता. २०४३ सालच्या कोल्हापूर फुटबॉल लीगचा शेवटचा सामना या दोन संघांत रविवारी चार वाजता होता. तोफखान्याला विजेतेपदासाठी बरोबरी पुरे होती. हौदगल्लीला जिंकणं भाग होतं.

ऋत्विकनं अहवालाचं शेवटचं पान आधी उघडलं. सगळेच प्रशिक्षक तसं करत.

"हौदगल्लीची अनिश्चितता एक्केचाळीस टक्के," तो म्हणाला. "बाकी कुठल्या संघाची पंधराच्या वर जात नाही. एक्केचाळीस म्हणजे मशीननं हात वर केले."

"खेळाडूंची नाहीये ती," समिधा म्हणाली. "खाली बघ. खेळाडूंची नऊच आहे. उरलेली बत्तीस एकट्या प्रशिक्षकाची."

हौदगल्लीचे प्रशिक्षक होते दिनकर सरनोबत. वय एकोणसत्तर; या सामन्यानंतर ते निवृत्त होणार होते. गाव त्यांना अण्णा म्हणे. समिधाही अण्णाच म्हणे, कारण ते तिचे वडील होते.

जोडमैदान लीगमध्ये आलं त्याला दोन हंगाम झाले होते. स्टेडियमच्या छताखालचे बारा कॅमेरे प्रत्येक खेळाडूची सेकंदाला पंचवीस छायाचित्रं घेत. तो कुठल्या पायावर वळतो, दमल्यावर डावीकडे पास देतो की उजवीकडे, अंगावर माणूस आला की चेंडू किती वेळ ठेवतो, या सगळ्याची मोजदाद होऊन संगणकात प्रत्येकाचा एक जुळा तयार होई. मग हे बावीस जुळे येणारा सामना चाळीस हजार वेळा खेळत. त्यातून सामन्याचा नकाशा निघे: कुठल्या मिनिटाला कुठली बाजू कमजोर पडेल, कोण कुणाच्या मागे पळेल, गोल कुठून होण्याची शक्यता जास्त. लीगचा नियम असा, की अहवाल दोन्ही संघांना सारखाच मिळेल, आणि सामना सुरू असताना जोडमैदान बंद राहील.

परिणाम असा झाला, की दोघांनाही एकमेकांचं सगळं ठाऊक. पहिल्याच हंगामात लीगमधले गोल निम्म्यावर आले. मग संघ घरची माहिती शोधू लागले, कारण आपल्याकडची खासगी माहिती आपल्या प्रतीत भरायला नियमाची आडकाठी नव्हती. कुणी खेळाडूंची झोप भरली, कुणी जेवण. एका संघानं प्रतिस्पर्धी गोलकीपरच्या मुलीचा दहावीचा निकाल भरला आणि त्याचा खरोखर उपयोग झाला असं छातीठोक सांगितलं.

प्रशिक्षक मात्र मशीनला अवघड जात. खेळाडू एका सामन्यात हजारभर निर्णय घेतो. प्रशिक्षक घेतो पाच-सहा. दोन हंगामांतल्या अडतीस सामन्यांतून अण्णांचे जेमतेम दोनशे निर्णय हाती लागले होते, आणि कॅमेरे बसल्यापासून अण्णा मुद्दाम अनियमित वागत होते.

"त्यांची ती एक चाल," ऋत्विक म्हणाला. "उजवा विंगर बाहेर, डावा उजवीकडं, आणि डावीकडं ताजा माणूस. ती कधी करणार हे कळलं की झालं. इम्रानला तोवर वर पाठवता येतं."

इम्रान शिकलगार तोफखान्याचा राइट बॅक. तो पुढे गेला की तोफखान्याला गोल मिळत. पण तो पुढे असताना अण्णांचा ताजा माणूस डावीकडून सुटला, तर इम्रानच्या मागे नुसतं मोकळं मैदान.

ऋत्विकनं अहवाल मिटला. मग म्हणाला, "तुझ्याकडं काय आहे का? विचारायला बरं वाटत नाही, पण विचारतो."

होतं. आठव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत समिधा वडिलांच्या प्रत्येक सामन्याला प्रेक्षक गॅलरीत बसली होती, गळ्यात घड्याळ आणि मांडीवर वही घेऊन. अण्णांनी केलेला प्रत्येक बदल तिनं लिहिला होता: मिनिट, कोण बाहेर, कोण आत, गोल किती. वर्षाला एक, अशा अकरा वह्या. कॅमेऱ्यांच्या आधीचे दोनशे चौदा सामने. जगात दुसरीकडे कुठेही नसलेली माहिती.

"वह्या आहेत," ती म्हणाली. "पण त्या माहेरी आहेत."

शुक्रवारी सकाळी ती हौदगल्लीत गेली. अण्णा अंगणात चेंडूंत हवा भरत होते. एकेक चेंडू खांद्याइतका उंच धरून सोडायचा, कमरेपर्यंत उसळला की बाजूला ठेवायचा. हवेचा दाब आकड्यात दाखवणारं यंत्र शेजारीच पडलं होतं, प्लास्टिकची पिशवीही न काढलेलं.

"ये," ते म्हणाले. "तोफखान्यानं हेर पाठवला म्हणायचा."

"हेर सांगून येत नाही, अण्णा."

"मग काय म्हणून आलीस?"

"माझ्या वह्या पाहिजेत."

"सगळ्या? अकरा हायत."

"सगळ्या. जोडमैदानात भरणार आहे." थोडं थांबून तिनं उरलेलंही सांगितलं, "तुमच्याविरुद्ध."

अण्णांनी हातातला चेंडू सोडला. तो गुडघ्यापर्यंतच उसळला. त्यांनी तो पुन्हा पंपाला लावला.

"नको म्हणालात तर नाही नेणार."

"मी कशाला नको म्हणू? वह्या तुझ्या. मी आपली त्यांना वाळवी लागू दिली न्हाई, एवढंच." ते आत गेले. बराच वेळ ट्रंकेचा आवाज येत राहिला. बाहेर आले तेव्हा हातात कापडी पिशवी होती. "हे बी घे. वह्यांबरोबरचंच हाय." त्यांनी तिच्या तळहातावर एक स्टॉपवॉच ठेवलं. स्टीलचं, लाल दोरीचं. आठव्या वाढदिवसाला त्यांनीच दिलेलं.

समिधाला वाटलं, प्रशिक्षक म्हणून शेवटचा सामना आहे म्हणून अण्णा हळवे झालेत. तिनं दोरी गळ्यात घातली.

"हरलात तर रागवणार नाही ना?"

"रागवणार की. एकोणसत्तर वर्षांचा झालो म्हणून काय राग जातोय? पण चहाला ये. जिंकलो तरी ये."

शुक्रवारचा उरलेला दिवस नोंदी भरण्यात गेला. अक्षर बालपणाचं, पण आकडे स्वच्छ. मशीननं फक्त तीन ठिकाणी शंका काढली: पूर्वार्धातले बदल ४७, ४९ आणि ५० व्या मिनिटाला कसे? पूर्वार्ध तर पंचेचाळीस मिनिटांचा. समिधानं तिन्ही ठिकाणी 'जादा वेळ' असं लिहून शंका मिटवली आणि पुढे गेली.

संध्याकाळी नवा अहवाल आला. अनिश्चितता चौदा टक्के.

कारणही मशीननं दिलं होतं. दडपण वाढलं की माणूस नव्या युक्त्या सोडतो आणि जी सवय सगळ्यात जास्त वर्षं हाडात मुरलेली असते तिच्यावर जातो. अण्णांची सवय वह्यांत उघडी पडली होती. सामना बरोबरीत असला, की डावी-उजवीची चाल ते बासष्ट ते चौसष्ट या मिनिटांत करत. एकशे सहा वेळांपैकी एक्याण्णव वेळा.

योजना सरळ झाली. पंचावन्नाव्या मिनिटापासून इम्राननं पुढे जायचं, गोलसाठी जोर लावायचा. एकसष्ट झाली की मागे. बासष्टाव्या मिनिटाला अण्णांचा ताजा माणूस येईल तेव्हा त्याच्या समोर इम्रान उभा असेल.

शनिवारी जेवताना समिधानं ही योजना सासूबाईंना सांगितली. सांगणं भागच होतं. शैलजा इंगवले तोफखाना तालमीच्या अध्यक्षा होत्या, तालमीच्या इतिहासातल्या पहिल्या. गेल्या वर्षी समिधाला विश्लेषक नेमायचा ठराव सात विरुद्ध सहा मतांनी पास झाला होता, आणि सातवं मत त्यांचं होतं.

"वडिलांचं गुपित आणलंस म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या. "आणि चुकीचं निघालं तर?"

"दोनशे चौदा सामने आहेत, आई."

"ते मला नको सांगू. सहा लोकं अजून म्हणतात, हौदगल्लीची पोर इथं बसवली, ती उद्या बापासाठी सामना सोडंल. आपण जिंकलो तर ती गप्प बसतील. तुझ्या सांगण्यानं हरलो, तर काम तर जाईलच, पण या पेठेत म्हातारी झालीस तरी हौदगल्लीचीच राहशील. रस्सा घे."

समिधानं रस्सा घेतला. तिला आपल्या आकड्यांवर भरवसा होता.

रविवारी साडेतीनलाच स्टेडियम भरलं. एका बाजूला तोफखान्याचा भगवा-काळा, दुसऱ्या बाजूला हौदगल्लीचा हिरवा. हलग्या दोन्हीकडून सुरू होत्या. समिधा तोफखान्याच्या बाकामागे बसली. जोडमैदान बंद झालं होतं. हातात छापील अहवाल आणि पेन्सिल, गळ्यात ते जुनं घड्याळ.

संघ मैदानात उतरले. रिवाजाप्रमाणे प्रत्येक तालमीचा मोठा माणूस नारळ फोडायला आपापल्या गोलच्या रेषेवर गेला. तोफखान्याकडून सासूबाई गेल्या. हौदगल्लीकडून अण्णा. अण्णांनी नारळ उचलला, कपाळाला लावला आणि दगडावर आपटला.

समिधाचा अंगठा आपोआप दाबला गेला. घड्याळ टिकटिकू लागलं.

तिला हसू आलं. तेरा वर्षांनी बोटाला आठवलं. मग पाहुण्यांची ओळख झाली, खेळाडूंशी हस्तांदोलन झालं, फोटो निघाले, एका फोटोत कुणीतरी राहिलं म्हणून पुन्हा निघाले. पंचांनी शिट्टी वाजवली. समिधानं घड्याळाकडे पाहिलं.

पाच मिनिटं चाळीस सेकंद.

सामना सुरू झाला होता आणि ती मैदानाकडे पाहत नव्हती. आठ वर्षांच्या मुलीला अण्णांनी घड्याळ देताना सांगितलं होतं, नारळ फुटला की सामना सुरू. मुलीनं ते शब्दशः घेतलं. अकरा वर्षं तिनं घड्याळ नारळावर लावलं, शिट्टीवर नाही. मध्यंतराला थांबवायचं, उत्तरार्धाला तिथूनच पुढे चालू करायचं. पहिल्या वहीपासून शेवटच्या वहीपर्यंत प्रत्येक मिनिट पाचेक मिनिटांनी पुढे होतं.

तिनं अहवाल उलटा केला आणि पाठीवर पेन्सिलनं वजाबाकी केली. मशीनच्या तीन शंका: ४७, ४९, ५०. पाच वजा केले की ४२, ४४, ४५. त्या काळी स्थानिक पंच दोन मिनिटंसुद्धा जादा देत नसत, हे तिला ठाऊक होतं आणि तरी तिनं 'जादा वेळ' लिहिलं होतं. आता बासष्ट ते चौसष्ट. पाच वजा केले की सत्तावन्न ते एकोणसाठ.

सत्तावन्नाव्या मिनिटाला इम्रान पुढे असणार होता. तिच्याच योजनेनुसार.

पूर्वार्ध संपेपर्यंत ती दोन गोष्टींचा विचार करत राहिली. गप्प बसलं तर कदाचित हौदगल्ली जिंकेल, अण्णा विजेतेपद घेऊन घरी जातील, आणि चूक मशीनच्या नावावर जाईल. कुणालाही कळणार नाही. बोललं तर ऐन वेळी योजना बदलायला सांगणारी हौदगल्लीची पोर, असा अर्थ निघेल. शेवटी दोन्ही विचार तिनं बाजूला ठेवले. चूक तिची होती आणि तिला ती सापडली होती.

मध्यंतराला गोलफलक कोरा होता. खोलीत सासूबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

"बासष्ट नाही," समिधा म्हणाली. "सत्तावन्न. इम्रानला पुढं पाठवू नकोस."

ऋत्विक पाण्याची बाटली उघडता उघडता थांबला. "काल तूच बासष्ट म्हणालीस. मशीन बासष्ट म्हणतंय."

"मशीनला मी सांगितलं. मी चुकीचं सांगितलं."

"हे आत्ता कळलं?"

"आत्ता कळलं."

सहायक प्रशिक्षक कोपऱ्यातून म्हणाला, "माहेरचा निरोप आला वाटतं." दोघं-तिघं हसले. इम्रान हसला नाही. पुढे जायचं की नाही, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं.

समिधानं गळ्यातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "मी लहानपणी हे नारळ फुटल्यावर चालू करत होते. शिट्टीवर नाही. आज बघितलं, मधे साडेपाच मिनिटं गेली. सगळ्या वह्या तेवढ्यानं पुढं आहेत."

"नारळावर?" ऋत्विक म्हणाला. "नारळावर कोण घड्याळ लावतं?"

मग सासूबाईंनी घड्याळ उचलून पाहिलं.

"लहान असताना आमच्या आबांनी मला पहिल्यांदा इथं आणलं," त्या म्हणाल्या. "मी विचारलं, सामना कधी सुरू होणार? ते म्हणाले, नारळ फुटला की. मी बी तसंच धरून बसले होते. पाच मिनिटं झाली तरी चेंडू हलंना, म्हणून रडले." त्यांनी घड्याळ समिधाला परत दिलं. "पोरगी खरं सांगालीय. इम्रानला मागं ठेव, ऋत्विक."

"वहिनी, चुकलं तर..."

"चुकलं तर ती सहा लोकं माझ्याकडं येतील. मी बघते त्यांना."

उत्तरार्ध सुरू झाला. पंचावन्न. छप्पन्न. तोफखान्याचे प्रेक्षक इम्रानच्या नावानं ओरडत होते. योजना कशी कुणास ठाऊक सगळ्या पेठेत पसरली होती. "वर जा की मर्दा! झोपलास काय?" इम्राननं एकदा बाकाकडे पाहिलं आणि जागेवर राहिला.

सत्तावन्न मिनिटं दहा सेकंद. अण्णा उठले. हात पाठीमागे बांधून रेषेपर्यंत चालत गेले आणि पंचांना खूण केली. उजवा विंगर बाहेर आला, डावा उजवीकडे गेला, आणि पार्थ पोवार नावाचा एकोणीस वर्षांचा ताजा विंगर डाव्या बाजूला धावत निघाला. पुढच्याच चेंडूवर त्याला लांब पास मिळाला. वह्यांच्या त्या अकरा वर्षांत समिधानं हे एक्याण्णव वेळा लिहिलं होतं. पार्थ सुटला, आत वळला, आणि समोर इम्रान उभा होता. इम्राननं पाय लांब केला. चेंडू बाहेर. कॉर्नर.

ऋत्विकनं मान वळवून समिधाकडे पाहिलं.

पुढचा सामना दोन ओळींत संपतो. चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला तोफखान्यानं गोल केला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला अण्णांनी आपल्या सेंटर बॅकला पुढे पाठवलं, ज्याची शक्यता मशीननं दोन टक्के दिली होती, आणि त्यानं डोक्यानं बरोबरी केली. एक-एक. विजेतेपद तोफखान्याकडे. भगव्या-काळ्या बाजूनं गुलाल उडाला. हिरव्या बाजूनंही उडाला, कारण शेवटचा गोल त्यांचा होता.

सासूबाई गर्दीतून समिधाजवळ आल्या आणि मूठभर गुलाल तिच्या डोक्यावर ओतला. "ती सहा लोकं तिथं नाचत्यात," त्या म्हणाल्या. "जा, आता बापाला भेटून ये. आणि उशीर कर. इथं तुझं काही काम न्हाई."

अण्णा हौदगल्लीच्या बाकावर बसून चेंडू जाळीत भरत होते. समिधा शेजारी बसली. बराच वेळ ती त्यांना चेंडू देत राहिली, ते भरत राहिले.

"राग आला?" तिनं विचारलं.

"आला. तो शिकलगार मागं राहिला तवा लई आला." त्यांनी जाळीची गाठ मारली. "मग जरा वेळानं बरं बी वाटलं. मला वाटलं हुतं, नारळ विसरलीस."

"तुम्हाला माहीत होतं? वह्यांतल्या वेळा पुढं आहेत हे?"

"अकरा वर्षं नारळ फोडून वर बघितलं की तू घड्याळ लावताना दिसायचीस. माहीत नसायला काय झालं?"

"मग सांगितलं का नाही?"

"दुसऱ्या संघाला कोण सांगतंय?" अण्णा म्हणाले. "पण घड्याळ दिलं हुतं की. नुसत्या वह्या दिल्या असत्या तर ती फसवणूक झाली असती. घड्याळ दिलं म्हणजे सगळं दिलं."

समिधा हसू लागली. अण्णाही हसले, पण जरा उशिरा.

"सत्तावन्नच का, अण्णा?" तिनं विचारलं. "हे मला कधीच कळलं नाही."

"उत्तरार्ध सुरू झाला की पहिली पाच मिनिटं माणूस जागा असतोय. पुढची पाच तो आपण जागे हाय का बघतोय. त्याच्या पुढं त्याला वाटतंय, आता काय हुणार न्हाई. तवा करायचं." ते उठले आणि जाळी खांद्याला लावली. "यंत्राला सांगायचं तर सांग. मला आता कुठं खेळवायचंय?"

दोघं फाटकाकडे चालू लागली. बाहेर हलग्या वाजत होत्या, आता दोन्ही पेठांच्या एकत्र, आणि कुणीतरी अण्णांच्या अंगावर भगवा गुलाल टाकला. त्यांनी तो झटकला नाही.

"चहाला येतेस न्हवं?"

"येते. वह्या पण आणते परत."

"आण. पण आधी प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिही. पेननं लिही, पेन्सिलनं नको."

"काय लिहू?"

"वेळ नारळापासून," अण्णा म्हणाले.